उन्हाळा आला की रेकॉर्डिंगमध्ये शिरणारा भुंगा

लक्षण आधी सांगते. लॅपटॉपला चार्जर लावून रेकॉर्डिंग केलं की आवाजाखाली एकसारखी गुणगुण येते. चार्जर काढला की ती गायब. लॅपटॉपच्या पत्र्याला हात टेकवला की कमी होते, हात उचलला की पुन्हा वाढते. पावसाळ्यात आणि पुढे दिवाळीपर्यंत तिचा पत्ता नसतो. होळी झाली की हळूच सुरू होते आणि मे महिन्यात थेट बोलण्यावर चढून बसते. आमच्या घरात तिला सगळे ‘भुंगा’ म्हणतात. तुमच्याकडेही असंच होत असेल, तर नवा माईक घेण्याआधी हे वाचा.

मी लातूरला राहते. नववी-दहावीच्या विज्ञानाचे व्हिडिओ करते आणि महिन्यातून दोनदा आपल्या भागातल्या माणसांच्या मुलाखतींचं पॉडकास्ट. मागच्या खोलीत दोन भिंतींना वाकळा अडकवल्यात, तिसरीला कपड्यांचं कपाट लावलंय, तोच आमचा स्टुडिओ. रेकॉर्डिंग पहाटे साडेचारला. सहा वाजले की दूधवाल्याची मोटारसायकल, कुकरच्या शिट्ट्या, शेजारची पाण्याची मोटार आणि ट्यूशनला निघालेल्या पोरांचा गलका सुरू होतो. म्हणजे हातात दीड तास. त्या दीड तासाचं रेकॉर्डिंग एडिटिंगला घेतल्यावर भुंगा निघाला, की तो दिवस गेला.

बरं, तो आपल्याला लवकर कळत नाही, हीच मोठी अडचण. मी तयार व्हिडिओ मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून सोडायचे. मोबाईलचा एवढासा स्पीकर ५० किंवा १०० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांचा) खर्ज वाजवूच शकत नाही, त्यामुळे मला सगळं स्वच्छ वाटायचं. पोरं मात्र इअरफोन लावून ऐकतात. एका मुलीनं निरोप पाठवला, ‘मॅडम, धडा लई चांगला हाय, पण कानात भुंगा फिरायलाय.’ नाव तिनंच दिलं. तेव्हापासून मी शेवटचं ऐकणं इअरफोनवरच करते आणि तुम्हीही तेच करा.

आणखी एक. रेकॉर्डिंग करताना भुंगा बारीक असतो. आपण नंतर आवाज ठरलेल्या पातळीला आणतो. यूट्यूब मोठा आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाची सरासरी पातळी मोजायचं माप) आसपास खाली आणतं, बारीक आवाज मात्र वर उचलत नाही, म्हणून आपण तिथपर्यंत उचलतो. माझा आवाज १० डेसिबल उचलला तर भुंगाही १० डेसिबल उचलला जातो. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून बारीक आवाज वर आणणारा इफेक्ट) लावला तर वाक्यांच्या मधल्या शांततेत तो आणखीच वर येतो. ‘रेकॉर्ड करताना नव्हता, एडिटिंगमध्ये कुठून आला?’ असं वाटलं तर उत्तर हे आहे. तो आधीपासून होता.

आधी भुंगा कुठला ते ओळखा

पहिली परीक्षा वाकळीची. रेकॉर्डिंग चालू ठेवा, माईक जाड वाकळीत किंवा दोन उशांमध्ये घट्ट गुंडाळा आणि अर्धा मिनिट थांबा. गुणगुण कमी झाली तर ती हवेतून येतेय. कूलर, फ्रिज, ट्यूबलाइटचा चोक, शेजारची मोटार, कुणीतरी खरोखर गुणगुणतंय आणि माईक ते इमानदारीनं ऐकतोय. गुंडाळल्यावरही ती तेवढीच राहिली तर ती तारेतून येतेय. या एका परीक्षेनं निम्मं काम होतं. मी ती पहिल्या उन्हाळ्यात केली असती तर माईक आणि दोन केबलींचे पैसे वाचले असते.

दुसरी परीक्षा चार्जरची. गुणगुण तारेतून येतेय हे ठरल्यावर रेकॉर्डिंग चालू असतानाच चार्जर भिंतीतून काढा. भुंगा तिथल्या तिथे मेला तर विजेच्या लाइनीकडून येतोय. मेला नाही, तर केबल, माईक किंवा इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारी डबी) तपासा. साधी ३.५ मिलिमीटरची लांब केबल विजेच्या वायरीला समांतर पडली असली तरी गुणगुण पकडते. एक्सएलआर केबलचं (माईकची तीन पिनांची केबल) तसं होत नाही. तिच्यात तोच आवाज दोन तारांतून उलटसुलट जातो आणि दोन्हींत सारखा घुसलेला कचरा शेवटी वजा होतो.

तिसरी परीक्षा डोळ्यांची. ऑडॅसिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. कुणी काही बोलत नाही असा पाच-सात सेकंदांचा तुकडा निवडा, ॲनालाइजमध्ये जाऊन प्लॉट स्पेक्ट्रम उघडा आणि साइज १६३८४ ठेवा. २०४८ वर ठेवलंत तर एकेक घर वीस हर्ट्झहून रुंद पडतं आणि ५० आहे की ६० तेच कळत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तेव्हा ५०, १००, १५०, २०० असे एका अंतरावर उभे टोकदार सुळके दिसले की समजा, हा लाइनीचा भुंगा. इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग केलं असेल तर हेच सुळके वर हजार-दोन हजारांपर्यंत चढलेले दिसतील. स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर तसंच करतो, त्याचा आवाज भुंग्यापेक्षा करवतीसारखा वाटतो. त्याला उपाय एकच, लाईट गेलेली असताना बॅटरीवरच काम करायचं. आणि मधूनच ‘टर्र टर्र टर्र’ असं आलं तर तो मोबाईल. आमच्या खोलीत रेंज कमी, फोन टू-जीवर उतरतो आणि त्याचे झटके माईकच्या तारेत येतात. रेकॉर्डिंगच्या वेळी फोन एअरप्लेन मोडवर टाका नाहीतर दुसऱ्या खोलीत ठेवा.

पंख्याच्या रेग्युलेटरचंही एक सांगून टाकते. बटण गोल फिरवून वेग हळूहळू वाढतो तसला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लाइनीत खरखर सोडतो. पंखा फुल्ल करून बघा किंवा बंदच करा. पहाटे साडेचारला लातुरातही पंख्यावाचून दीड तास निघतो.

वर्षातून एकदाच का येतो?

या सगळ्या परीक्षा मी दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत शिकले होते. भुंगा तारेतून येतो, चार्जरमधून येतो, हे कळलं होतं. पण तो जुलैत आपोआप जातो आणि मार्चमध्ये परत येतो, हे काही केल्या उलगडत नव्हतं. माईक तोच, लॅपटॉप तोच, खोली तीच.

म्हणून एक वही केली. रोजच्या रेकॉर्डिंगची तारीख, वेळ, कूलर चालू की बंद, चार्जर लावलेला की नाही आणि भुंगा शून्य ते पाचपैकी किती. कंटाळवाणं काम आहे, पण वहीनंच उत्तर दिलं. ऑगस्ट ते जानेवारी सगळी शून्यं. फेब्रुवारीच्या शेवटी एक. मार्चमध्ये दोन. एप्रिलच्या मध्यावर तीन-चार, आणि कूलर चालू असला की हमखास पाच. मेच्या अखेरीस वळवाचा एक मोठा पाऊस झाला, त्या दिवसाच्या पुढे दोन. चार दिवसांनी पुन्हा चार. पाऊस पडल्यावर भुंगा उतरतो हे कागदावर दिसलं तेव्हा माझं लक्ष पहिल्यांदा खोलीतून निघून जमिनीकडे गेलं.

आपली जमीन काळी. भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात, हे शेतात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. घराचं अर्थिंग म्हणजे शेवटी काय, जमिनीत पुरलेला एक पाइप किंवा पत्रा, आणि त्याच्याभोवतीची माती. वीज मातीतून वाहते ती मातीतल्या ओलीमुळे. ओल गेली की मातीचा रोध वाढतो. त्यात काळी माती आकसली की ती पाइपाला सोडून मागे सरकते आणि मध्ये हवा शिरते.

आमचं अर्थिंग मागच्या अंगणात तुळशीच्या कट्ट्याजवळ आहे. सिमेंटचं झाकण उचललं. खाली पाइप, त्याच्यावर गंजानं फुगलेला नटबोल्ट, त्याला पांढरट बुरा चढलेली तार. पाइपाच्या भोवती करंगळी जाईल एवढी फट पडली होती. मी कडुलिंबाची एक काडी त्या फटीत सोडली. ती कुठेही न अडकता सरळ खाली गेली, दिसेनाशी झाली. म्हणजे वरच्या हातभर भागात तरी पाइप मातीला टेकलेलाच नव्हता.

माझ्या लॅपटॉपच्या चार्जरला तिसरी जाड पिन आहे. ती लॅपटॉपचं सगळं अंग घराच्या हिरव्या तारेला जोडते. लॅपटॉपला इंटरफेस, इंटरफेसला माईक, अशी ती जोडणी माझ्या आवाजापर्यंत येते. हिरवी तार जमिनीला नीट टेकलेली असेल तर ती शांत. टेकलेली नसेल तर ती घरातल्या सगळ्या यंत्रांमधून निसटणाऱ्या विजेची गळती गोळा करत लोंबकळत राहते. फ्रिजची थोडी, कूलरची थोडी, मिक्सरची थोडी. ती गळती ५० हर्ट्झच्या ठेक्यात हलते आणि तोच ठेका माईकच्या तारेत उतरतो.

वायरमननं केलेला एक उपाय, जो तुम्ही कधीही करू देऊ नका

हा भाग मन लावून वाचा.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी एका वायरमनला बोलावलं होतं. त्यांनी टेबलाजवळचं सॉकेट उघडलं, दहा मिनिटं काहीतरी केलं आणि म्हणाले, ‘बघा आता.’ भुंगा गेला होता. मला आनंद झाला. ते वर्ष निघालं.

तिसरा उन्हाळा लागायच्या आधी टेबल खिडकीजवळून समोरच्या भिंतीला नेलं, दुसऱ्या सॉकेटवर चार्जर लावला, आणि उन्हाळा येताच भुंगा हजर. या वेळी एक वयस्क वायरमन काका आले. त्यांनी मल्टिमीटर काढला. नव्या जागेच्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल २३१ व्होल्ट, फेज-अर्थ १९३, न्यूट्रल-अर्थ ३८. मग जुन्या जागेच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थ मोजलं. ०.०. त्यांनी दुसऱ्यांदा मोजलं. पुन्हा ०.०. काही न बोलता ते बाहेर गेले, मेन स्विच पाडला आणि सॉकेट उघडलं. हिरवी तार काढून मागे गुंडाळून ठेवलेली होती आणि न्यूट्रलच्या खिळ्यापासून अर्थच्या खिळ्याला काळ्या तारेचा बोटभर तुकडा जोडलेला होता.

‘हे कुणी केलं, ताई?’

मी सांगितलं.

‘खांबावर न्यूट्रल तुटलं असतं ना, तर तुमच्या या लॅपटॉपच्या पत्र्यात डायरेक्ट फेज आली असती.’

त्यांचं बोलणं अक्षरशः खरं आहे. न्यूट्रल बाहेर कुठेही तुटलं की घरात चालू असलेल्या दिव्या-पंख्यांमधून फेज न्यूट्रलच्या तारेवर येते आणि त्या तुकड्यावाटे यंत्राच्या अंगावर. दुरुस्तीनंतर फेज-न्यूट्रल उलटे जोडले गेले तरी तेच, आणि तेव्हा तर मध्ये दिवाही नसतो. वादळात तारा तुटणं, ट्रान्सफॉर्मरची डीपी बदलणं हे आपल्याकडे दर मोसमात होतं. शिवाय असा जोड असला की गळती त्याच न्यूट्रलमधून परत जाते आणि गळती पकडणाऱ्या आरसीसीबीला ती दिसतच नाही. भुंगा जातो खरा, पण धोका आत येऊन बसतो आणि कसलाही आवाज करत नाही.

ओळखायची खूण अशी. खऱ्या अर्थिंगला न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज थोडं असतंच, एखादा-दीड व्होल्ट. इस्त्री किंवा गीझर लावला की ते जरा वाढतं. एखाद्या सॉकेटमध्ये कायम नेमका शून्य दिसला, इस्त्री लावूनही हलला नाही, तर खूश होऊ नका. तिथे जोड मारलेला असण्याची दाट शक्यता आहे.

आणि चार्जरची तिसरी पिन तोडणं, किंवा थ्री-पिनला टू-पिन करणारा अडॅप्टर लावून अर्थ सोडवणं, हाही असाच उपाय. तो करू नका. भुंगा कदाचित जाईल, पण उद्या चार्जरच्या आत काही बिघडलं तर मध्ये अडवायला काही नसेल.

कूलर

वायरमन काकांनी कूलर बंद करायला सांगितला. मल्टिमीटरवरचा ३८ चा आकडा उतरत ११ वर आला. कूलर चालू केला, पुन्हा ३८.

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘मी पंधरा दिवस झालं सांगायलेय, कूलरला हात लावला की मुंग्या यायल्यात म्हणून.’ त्या खरंच सांगत होत्या. मीच ‘चप्पल घालून हात लावत जा’ म्हणून विषय संपवला होता. कूलरचा पत्र्याचा डबा, खाली पाण्यानं भरलेली टाकी, ओली फरशी आणि घरात रांगणारं लेकरू. पंपाच्या वळणांमध्ये पाणी शिरलं होतं, गळती हिरव्या तारेवर येत होती आणि तार जमिनीला टेकत नव्हती. माझ्या रेकॉर्डिंगमधला भुंगा आणि त्यांच्या हातातल्या मुंग्या ही एकच गोष्ट होती.

काकांनी टेस्ट लॅम्प लावून बघितला. ६० वॅटचा बल्ब, एक टोक फेजला, दुसरं अर्थला. अर्थिंग ठीक असेल तर बल्ब झगझगीत पेटतो. आमच्याकडे आतली तार फक्त तांबूस दिसली, विझत आलेल्या निखाऱ्यासारखी. (ही परीक्षा घरी करू नका, ती त्यांच्यासाठीच आहे. आणि बल्ब पूर्ण पेटला म्हणजे अर्थिंग उत्तम, असंही नाही. खरा आकडा अर्थ टेस्टरच देतो.) दुसऱ्या दिवशी ते अर्थ टेस्टर घेऊन आले. ९०० ओहमच्या वर.

ओहमचा नियम मी दर वर्षी शिकवते. २३० भागिले ९००, म्हणजे जेमतेम पाव अँपिअर. कूलरमध्ये फेज पूर्ण अंगाला टेकली असती तरी या अर्थिंगमधून पाव अँपिअरच वाहिला असता. १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट वाहिला की पडणारा स्विच) त्याची दखलही घेणार नाही. पण माणसाच्या अंगातून जायला ०.०३ अँपिअर म्हणजे ३० मिलिअँपिअरसुद्धा धोक्याचे, आणि म्हणूनच घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. हे गणित मी वहीत केलं, त्या दिवशी रेकॉर्डिंगला बसले नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. भुंगा चार्जरमुळे येतोय असं ठरलं आणि घरात कूलर, फ्रिज किंवा वॉशिंग मशीनला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर ऑडिओचा विचार तिथेच सोडा. ते यंत्र बंद करा, प्लग काढा, वायरमनला बोलावा. एपिसोड आठवडाभर उशिरा गेला तरी चालतो.

काय दुरुस्त केलं

कूलरचा पंप बदलला. मेनमध्ये आरसीसीबी बसवला. जोड मारलेलं सॉकेट पूर्ववत केलं. आणि नवं अर्थिंग केलं.

जागा बदलली, न्हाणीचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या कडेला. तुळशीजवळच्या जुन्या खड्ड्याला रोज बादलीभर पाणी घाला असं पुस्तकी उत्तर कुणीही देईल. पण आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, आणि ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे जमिनीत रोज बादली ओतायला हात धजत नाही. न्हाणीचं सांडपाणी तसंही वाहूनच जातं. ते पाइपावरून नेलं की वेगळं पाणी लागत नाही. कूलरची टाकी धुताना निघतं तेही तिकडेच सोडते.

साडेतीन फुटांवर काळी माती संपून मुरूम लागला. मुरमात ओल टिकत नाही, म्हणून अडीच मीटरचा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप घालूनही टेस्टरवरचा आकडा १४ ओहमवर अडला. मग तीन मीटर अंतर सोडून दुसरा पाइप टाकला आणि दोन्ही जोडले. आकडा ७ वर आला. पाइप एकमेकांना फार चिकटून घातले तर दुसऱ्याचा फायदा होत नाही, दोघं एकच माती वापरतात. निदान पाइपाच्या लांबीएवढं अंतर हवं.

भोवती मीठ-कोळशाऐवजी बेंटोनाइट भरलं. मीठ स्वस्त आणि सुरुवातीला आकडाही छान देतं, पण पाण्याबरोबर वाहून जातं आणि पाइप खातं. जुन्या नटबोल्टची दशा मी पाहिलीच होती. बेंटोनाइट ही मातीच, ओल धरून ठेवणारी. गंमत वाटेल, पण तिच्यात जे मोंटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं तेच आपल्या काळ्या मातीतही असतं, म्हणून दोन्ही भिजल्या की फुगतात. अर्थात बेंटोनाइटही पूर्ण वाळलं तर आकसणारच. त्यामुळे पाण्याची सोय केल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

७ ओहमवर २३० व्होल्ट म्हणजे ३३ अँपिअरच्या आसपास. एमसीबी पडेल, पण थोडा वेळ घेऊन. आरसीसीबी मात्र तत्काळ पडतो. दोन्ही असू द्या. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघते.

भाड्याच्या घरात राहत असाल तर खड्डा खणणं तुमच्या हातात नसेल. मग एवढं करा. रेकॉर्डिंगच्या वेळी लॅपटॉप बॅटरीवर चालवा, रात्रीच पूर्ण चार्ज करून ठेवा. इंटरफेस, लॅपटॉप, मॉनिटर सगळं एकाच बोर्डवरून घ्या, दोन भिंतींवरून नको. दोन वेगळ्या वाटांनी अर्थ आला की मध्ये एक वेटोळं तयार होतं आणि तेही गुणगुणतं. आणि घरमालकाला मल्टिमीटरचा आकडा दाखवा. ‘आवाज येतो’ म्हटल्यावर जे ऐकत नाहीत, ते ‘कूलरच्या अंगात ३८ व्होल्ट आहेत’ म्हटल्यावर ऐकतात.

रेकॉर्ड झालेल्या भुंग्याचं काय

व्हिडिओचा धडा पुन्हा रेकॉर्ड करता येतो. प्रत्येक गोष्ट तशी नसते.

त्या दुसऱ्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला, वायरमन येण्याआधी, किल्लारीच्या बाजूचे एक निवृत्त गुरुजी आमच्या घरी येऊन बोलले होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांचा भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. पुढचं त्यांनी पाऊण तास सांगितलं, मध्ये बराच वेळ थांबत. ते थांबले की खाली भुंगा. असं पुन्हा सांगायला माणसाला बोलवायचं नसतं, आणि मी बोलवलं नाही. जे होतं त्याच्यावरच काम केलं.

त्यातून शिकले ते असं. आधी ८० हर्ट्झच्या खालचं कापा, त्यानं ५० चा सुळका जातो. पण कानाला टोचतात ते १००, १५०, २०० चे, आणि तिथेच माणसाचा आवाज राहतो. पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, म्हणून गुरुजींच्या आवाजाला धक्का न लावता कापायला अरुंद नॉच फिल्टर (ठरलेल्या एकाच वारंवारतेवर खाच पाडणारा) लागतो. ऑडॅसिटीतला नॉच फिल्टर उघडला की तिथे आधीच ६० लिहिलेलं असतं, कारण अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. बहुतेक शिकवण्याही तिकडच्या. कित्येक जण तो ६० तसाच ठेवतात आणि ‘फिल्टरनं काही होत नाही’ म्हणतात. तिथे १०० घाला, लावा, मग १५०, मग २००, वर जिथपर्यंत सुळके दिसतात तिथपर्यंत. क्यू (खाच किती अरुंद ते ठरवणारा आकडा) ३० च्या आसपास ठेवा. फार वाढवलात तर खाच इतकी बारीक होते की सुळका निसटतो. आपल्या ग्रिडची वारंवारता नेमकी ५० वर थांबत नाही, साधारण ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात हलत राहते, आणि वरच्या सुळक्यांना ती हालचाल पटीत लागते.

त्यानंतर नॉइज रिडक्शन, पण हलक्या हातानं. नुसत्या भुंग्याचा तीन-चार सेकंदांचा नमुना द्या आणि ६ ते ९ डेसिबलच कमी करा. मी पहिल्यांदा २४ लावलं होतं. भुंगा गेला, पण गुरुजी विहिरीच्या तळातून बोलल्यासारखे झाले आणि त्यांचे श्वासही गेले. ते परत आणले. दोन ठिकाणी, जिथे ते सगळ्यात जास्त वेळ गप्प होते, तिथे मी थोडा भुंगा राहू दिला. ती शांतता पूर्ण साफ केली तर कुणीतरी मधला तुकडा कापल्यासारखी वाटत होती.

आता दर मुलाखतीला माणूस बोलायला लागण्याआधी दहा सेकंद सगळ्यांना गप्प बसवून खोलीचा आवाज रेकॉर्ड करते, तिथेच इअरफोनवर ऐकते, मग सुरू करते. आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मल्टिमीटर काढते. यंदा फेब्रुवारीत न्यूट्रल-अर्थ १.४ होतं, एप्रिलमध्ये कूलर चालू असताना १.९. टेस्टरवर मेमध्ये ९ ओहम. वहीत भुंग्याच्या रकान्यात मेअखेरपर्यंत शून्य.